सभासदाची याद आणि प्रभावळीचें पत्र

१

कृष्णाजी अनंत सभासद याच्या बखरींत शिवछत्रपतींच्या निधनसमयीं शिल्लक असलेल्या संपत्तीची एक लांब याद आली आहे. ती मराठी वाचकांच्या इतकी परिचयाची आहे कीं तिचें परीक्षण करण्याची गरज सहसा कोणास भासत नाहीं. होनांच्या जाती मोजावयाच्या, लक्षांची बेरीज करावयाची, आणि शेवटीं स्वराज्याच्या वैभवाविषयीं दोन गौरवाचे उद्गार काढावयाचे, एवढ्यावर बहुतेकांचें काम आटोपतें. या वाचनांत एक मूलभूत दोष आहे, असें आमचें मत आहे. याद सांठवणीची आहे, आणि सांठवणीचें मोल बेरजेवरून कळत नाहीं. कोणता जिन्नस कशाकरितां ठेविला, तो कोण घेणार, त्याच्या मोबदल्यांत काय येणार, व तो किती दिवस टिकणार, हे चार प्रश्न प्रत्येक कलमास विचारावे लागतात. ते विचारले म्हणजे यादींतील कलमांचा मान बदलतो. सोन्याचें महत्त्व कांहीं अंशीं कमी होतें, आणि ज्या कलमांकडे कोणी पाहत नाहीं तीं पुढें येतात.

प्रथम यादीचें प्रामाण्य पाहूं. बखर इ.स. १६९७ च्या सुमारास, राजाराम महाराज जिंजीस असतां, त्यांच्या आज्ञेवरून लिहिली गेली. त्या वेळीं जिंजीस मोगलांचा वेढा होता. रायगड इ.स. १६८९ च्या नोव्हेंबरांत शत्रूच्या हातीं गेला होता, आणि येसूबाई व शाहूराजे मोगलांच्या कैदेंत होते. म्हणजे सभासद ज्या संपत्तीचें वर्णन करितो, ती त्याच्या डोळ्यांसमोर नव्हती. ती गमावलेली होती. त्याच्या आंकड्यांत पुष्कळ आंकडे पूर्ण लक्षांचे आहेत. दप्तरांतून उतरलेला आंकडा असा गोळाबेरजेचा क्वचितच असतो. यावरून याद कल्पित आहे असें अनुमान काढणें मात्र योग्य होणार नाहीं. नाण्यांचीं नांवें खरीं आहेत, जिन्नसांची विभागणी कारखान्यांच्या व्यवस्थेशीं जुळते, आणि लिहिणारा गृहस्थ राज्यव्यवहारांतील माहितगार होता. सारांश, यादींतील नांवांवर व वर्गवारीवर विश्वास ठेवावा. आंकड्यांवर इमारत उभारूं नये.

२

या यादींत नाण्यांच्या जाती फार विस्तारानें सांगितल्या आहेत. त्यांत अच्युतराई, देवराई, रामचंद्रराई असे विजयनगरच्या राजांच्या नांवांचे होन आहेत. गुत्ती, धारवाडी, वेलुरी असे गांवांच्या नांवांचे प्रकार आहेत. पादशाही होन आहेत, आणि महाराजांचे स्वतःचे शिवराई होनहि आहेत. इ.स. १६७७-७८ च्या कर्नाटकच्या स्वारीची खूण या नांवांवर स्पष्ट उमटलेली दिसते.

परंतु इतक्या जाती असणें ही जशी वैभवाची खूण आहे, तशी ती अडचणीचीहि आहे. प्रत्येक होनाचा कस निराळा व बट्टा निराळा. विजयनगरी वराह सुमारें ५२ ग्रेन वजनाचा. दुसऱ्या टांकसाळींचे होन याहून कमी भरत. अशा मिश्र खजिन्याचा उपयोग सराफावांचून होत नाहीं. कुणब्याच्या दारांत गुत्तीचा होन नेला तर तो त्याचा कस जाणत नाहीं, त्याला मोड देऊं शकत नाहीं, आणि त्याच्याजवळ एका होनाच्या मोलाचा विकाऊ दाणा एकरकमी असेलच असेंहि नाहीं. फलमासारखें बारीक सोन्याचें नाणें दक्षिणेंत चालत असे, तें याच अडचणीवरचा उपाय म्हणून. देशावर व कोंकणांत त्याचें काम तांब्याच्या पैशानें व धान्याच्या पायलीनें होई.

मग सोनें कशाकरितां? याचें उत्तर सभासदाच्याच ग्रंथांत आहे. फौजेस रोख वेतन द्यावें, मोकासे लावून देऊं नयेत, ही महाराजांची पद्धति त्यानें सांगितली आहे. जी फौज आज कोंकणांत व दोन महिन्यांनीं तुंगभद्रेपलीकडे आहे, तिच्या पगारास हलकें, सर्वत्र पारखलें जाणारें व न सडणारें द्रव्य लागतें. तें काम होनाचें. म्हणजे सोनें हा दूरच्या व मोठ्या देण्याचा जिन्नस होता. जवळच्या व लहान विनिमयांत त्याचा उपयोग थोडा. हा भेद सभासद करीत नाहीं. त्यानें करावा अशी अपेक्षाहि नाहीं, कारण त्यास गतवैभव सांगावयाचें होतें. पण तो भेद आपण केला पाहिजे.

३

सांठवणीचें शास्त्र सभासदाच्या यादींत सांपडत नसेल तर तें कोठें सांपडतें? आमच्या मतें तें प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांस ५ सप्टेंबर १६७६ रोजीं लिहिलेल्या पत्रांत आहे. हें पत्र रयतेच्या भाजीच्या देठासहि हात लावूं नये या आज्ञेमुळें प्रसिद्ध आहे, व तेवढ्याच वाक्यासाठीं तें वारंवार उद्धृत होतें. त्याचा दुसरा भाग मात्र उपेक्षित राहिला. त्या भागाचा आशय असा: रयतेकडून ऐन जिनसाच्या ऐवजीं नक्त घेऊं नये, जो जिन्नस पिकतो तोच वसुलांत घ्यावा, त्याची नीट सांठवण करावी, आणि ज्या वेळीं ज्याचा भाव चढतो त्या वेळीं तो विकावा, जेणेंकरून माल पडून वायां जाऊं नये व विक्रीहि महाग व्हावी. उदाहरणादाखल नारळ, खोबरें, सुपारी, मिरीं हे जिन्नस पत्रांत घेतले आहेत.

या आज्ञेंत दोन हितें एकत्र सांधलीं आहेत. सुगीच्या तोंडावर रोख मागितली म्हणजे सर्व रयत एकदम बाजारांत उतरते, भाव पडतो, आणि व्यापाऱ्याचा फायदा होतो. जिन्नस घेतला तर भावाच्या चढउताराचा भार दिवाणावर येतो, आणि तो भार सोसण्याचें सामर्थ्य दिवाणाजवळ कोठारांमुळें असतें. म्हणजे कोठार हें येथें रयतेचें संरक्षण आहे व सरकारचा नफाहि आहे. परंतु हा नफा एका अटीवर अवलंबून आहे: जिन्नस टिकला पाहिजे. पत्रांतील सर्व भर टिकण्यावर व वेळेवर आहे, आणि सांठवणीचा विचार करणाऱ्यानें हीच दोन मापें हातीं घ्यावयाचीं असतात.

हा विचार आपल्याकडे नवा नव्हता. इ.स. १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध झालेल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत कोठारांतील निम्मा सांठा जनपदावरील आपत्तीकरितां राखून निम्मा उपयोगांत आणावा, आणि जुन्याच्या जागीं नवा भरीत जावा, असा नियम आहे. एका धान्याच्या बदल्यांत भावाच्या अंतरानें दुसरें घेणें यास तेथें स्वतंत्र नांव आहे, व तें कोठाराच्या उत्पन्नाचें एक साधन मानिलें आहे. रामाजी अनंतांस पत्र लिहिणाऱ्या कारकुनानें अर्थशास्त्र पाहिलें होतें असें आम्ही सुचवीत नाहीं. कोठार सांभाळणारा मनुष्य कोणत्याहि काळीं त्याच निष्कर्षावर येतो, एवढेंच यावरून दिसतें.

४

आतां पत्रांतील जिन्नस एकेक करून पाहूं. नारळ झाडावरून उतरल्यावर कांहीं महिने राहतो. नंतर त्याचें पाणी आटतें व गोटा होतो. तो फोडून वाळविला म्हणजे खोबरें. खोबरें नारळापेक्षां हलकें, बैलावर घालण्यास सोपें, व घाटावर मागणी असलेलें. पण दमट हवेंत त्यास बुरशी येते, आणि फार ठेविलें तर तें खवट होतें. म्हणून खोबऱ्याची विक्री लांबविण्यास मर्यादा आहे. सुपारी चांगली वाळविली तर खोबऱ्याहून पुष्कळ अधिक टिकते, तोलूनहि देतां येते व मोजूनहि देतां येते. तिचें गिऱ्हाईक श्रीमंतापासून मजुरापर्यंत प्रत्येक घरांत आहे, आणि देवकार्यांत व लग्नकार्यांत तिच्यावांचून चालत नाहीं. श्रीवर्धनच्या सुपारीचा लौकिक घाटावर अद्याप आहे. मिरीं या चौघांत सर्वांत उत्तम: वजनास हलकीं, मोलास भारी, कोरडीं राहिलीं तर वर्षानुवर्षें न बिघडणारीं, आणि परदेशी वखारवाल्यांस हवीं असलेलीं. म्हणजे हे चार जिन्नस टिकाऊपणाच्या चढत्या क्रमानें मांडले तर नारळ, खोबरें, सुपारी, मिरीं असा क्रम लागतो. आणि कोणता माल आधीं काढावा व कोणता शेवटपर्यंत धरून ठेवावा याचा निर्णय सुभेदारास आपोआप मिळतो.

मिठाची गोष्ट निराळी. घाटावर मीठ पिकत नाहीं व कोंकणांत धान्य पुरत नाहीं. त्यामुळें बैलांचे तांडे दाणा घेऊन खालीं उतरावयाचे व मीठ भरून वर जावयाचे, हा व्यवहार फार जुना आहे. मिठाचें गिऱ्हाईक कधींहि नाहींसें होत नाहीं. पण तें मोलाच्या मानानें जड आहे, आणि पावसाळ्यांत त्यास पाणी सुटतें. म्हणून मीठ दूर नेण्याचा नफा वाहतुकींत जिरतो, आणि शेजारच्या आगरांतून स्वस्त मीठ आलें कीं आपलें मीठ पडून राहतें. इ.स. १६७१ मध्यें बारदेशांतील फिरंगी हद्दीच्या मिठावर जबर जकात बसवून कोंकणच्या मिठाचा व्यापार सांवरण्याची आज्ञा कुडाळच्या सरसुभेदारास गेली, तिचें मर्म हेंच आहे. सांठवणीच्या जिनसास शेजारचा भाव मारतो, हें त्या आज्ञेमागचें ज्ञान होय.

टिकाऊपणाचा हा नियम कसा मोडतो याचें उदाहरण पाहावयाचें असेल तर गुजराथेकडे पाहावें. तेथें सतराव्या शतकांत इराणांतून येणारे कडू बदाम सुट्या नाण्याच्या जागीं चालत. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये यानें त्याची नोंद केली आहे. कडू असल्यामुळें ते कोणी खाऊन टाकीत नसे, हा त्यांचा गुण. पण आवक कमीजास्त झाली कीं एका पैशास मिळणाऱ्या बदामांची संख्या बदले, हा दोष. कवडीचेंहि तसेंच. ती सडत नाहीं, पण तिचें मोल ती समुद्रापासून किती दूर गेली यावर ठरतें. कोंकणांतील मनुष्यानें कवड्यांचा सांठा करावा यांत शहाणपण नाहीं.

५

आतां धातु. सभासदाच्या यादींत तांबें, शिसें, लोखंड, कांसें हीं आहेत, आणि होनांच्या झगमगाटांत त्यांकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. वर सांगितलेलीं चार मापें लाविलीं तर या धातूंत मोठें अंतर दिसतें.

लोखंडाचें गिऱ्हाईक प्रत्येक गांवांत आहे. नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड यांवांचून शेती नाहीं. पण सह्याद्रींत, विशेषतः महाबळेश्वराच्या बाजूस, धावड लोक जांभ्या दगडांतून लोखंड गाळीत असत. जो जिन्नस जवळ पिकतो त्याचा फार मोठा सांठा करण्याचें कारण नसतें. शिवाय कोंकणच्या हवेंत त्यास गंज लवकर चढतो.

शिशाची गोष्ट उलट आहे. तें समुद्रापलीकडून येतें, सडत नाहीं, गंजून वायां जात नाहीं, आणि त्यावांचून बंदुकीची गोळी होत नाहीं. पण त्याचें गिऱ्हाईक जवळजवळ एकच: सरकार. कुणब्यास शिसें देऊन दाणा मागतां येत नाहीं. म्हणून शिसें हा स्वतःच्या गरजेचा सांठा, विनिमयाचा नव्हे. ज्यांनीं यादींतील शिशाची किंमत लावून ती संपत्तींत मिळविली, त्यांनीं ही गोष्ट लक्षांत घेतली नाहीं.

राहिलें तांबें. त्याचे उपयोग तीन: भांडीं, नाणें, व तोफेचें ओतकाम. एका उपयोगाची मागणी मंदावली तर दुसऱ्याची उभी असते. तांब्याचें भांडें फुटलें तरी मोड म्हणून कासार तें घेतो व त्याच्या बदल्यांत नवें देतो. म्हणजे तुकडा झाल्यानें त्याचें मोल नाहींसें होत नाहीं. ज्या घरांत एकहि होन नव्हता त्या घरांतहि तांब्याचा हंडा असे, आणि वेळप्रसंगीं तोच सावकाराकडे गहाण पडे. महाराजांच्या टांकसाळींत पडलेली तांब्याची शिवराई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दक्षिणेंत चालली. राज्य गेलें, पेशवाई गेली, तरी लोकांच्या हातांत ती खेळत होती, याचें कारण तिच्यावरील अक्षरांपेक्षां तिच्यांतील धातु हेंच होय. दुर्बलता एकच कीं तांबें येथें पुरेसें निघत नव्हतें. डच लोक जपानांतून आणीत, इंग्रज विलायतेहून आणीत. जो धातु सर्वांस हवा आणि जो परक्याच्या जहाजावर अवलंबून, तोच हातीं येईल तेव्हां भरून ठेवावा. यादींतील तांब्याचें कलम या दृष्टीनें होनांच्या कित्येक कलमांपेक्षां अधिक विचाराचें आहे.

६

इंग्रजांशीं झालेल्या व्यवहारावरून या मताची पारख करतां येते. इ.स. १६६१ मध्यें राजापूरची वखार लुटली गेली, तिच्या भरपाईचा वाद तेरा वर्षें चालला. इ.स. १६७४ मध्यें राज्याभिषेकाच्या वेळीं हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हां १०,००० होनांवर तोड झाली. हे होन रोख मोजून दिले नाहींत. बहुतेक रक्कम मालाच्या खरेदींत वळती करून व कांहीं राजापूरच्या जकातींत सूट देऊन फेडावयाची ठरली. ज्या राज्याच्या खजिन्यांत सभासद लक्षावधि होन मोजतो, त्यानें १०,००० होन रोख देण्याचें टाळावें, हें प्रथमदर्शनीं विसंगत वाटेल. वस्तुतः यांत विसंगति नाहीं. होन फौजेकरितां राखावयाचा, आणि वखारवाल्यास जो माल हवाच आहे तो माल द्यावयाचा, ही व्यवहाराची सरळ रीत आहे. ती रीत दोन्ही पक्षांस सारखी सुखाची होती असें मात्र नाहीं. फेड रेंगाळली, आणि इंग्रजांच्या तक्रारी पुढें कित्येक वर्षें चालू राहिल्या. मालानें देणें फेडावयाचें म्हटलें कीं भावाचा व प्रतीचा तंटा त्याबरोबर येतोच. हा या पद्धतीचा दोष मान्य केला पाहिजे.

त्याच तहाच्या बोलण्यांत इंग्रजांनीं आपलें नाणें महाराजांच्या मुलखांत चालावें असें कलम मागितलें होतें. तें मान्य झालें नाहीं. नाणें आपल्या कसावर चालेल तेवढें चालेल, प्रजेवर त्याची सक्ती करणार नाहीं, असा उत्तराचा भाव होता. नाण्याचें मोल शेवटीं धातूवर व घेणाऱ्याच्या खुषीवर ठरतें, हें जाणणाराच असें उत्तर देतो.

७

आमच्या मतावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. कठीण काळीं माल लुटला जातो, कोठार जळतें, धान्यास कीड लागते. सोनें तेवढें पुरून ठेवतां येतें. मग सोन्याचेंच श्रेष्ठत्व सिद्ध होत नाहीं काय? या आक्षेपांत तथ्य आहे. चिपळूणच्या लष्करास लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रांत उंदीर दिव्याची वात नेईल व वैरणीस आग लागेल अशी भीति घातली आहे, आणि पावसाळ्यासाठीं ठेविलेला दाणा आधींच उडविला तर घोडीं मरतील व शिपाई रयतेस उपद्रव देतील असें बजाविलें आहे. सांठवण म्हणजे पहारा, हें त्यावरून स्पष्ट होतें. परंतु इ.स. १६३०-३२ च्या दुष्काळाची साक्ष याच्या उलट आहे. दक्षिण व गुजराथ या प्रांतांत त्या वेळीं भाकरीसाठीं लोक आपला जीव विकावयास काढीत व कोणी घेत नसे, असें शहाजहानचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो. जेथें दाणाच नाहीं तेथें सोन्याच्या मोबदल्यांत काय येणार? सोनें दाण्याचा भाव चढवितें. दाणा उत्पन्न करीत नाहीं. म्हणून सोनें व जिन्नस यांत श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्यापेक्षां प्रत्येकाचें क्षेत्र ठरविणें हेंच खरें परीक्षण होय.

हें क्षेत्र न ओळखल्यामुळें आपल्या इतिहासलेखनांत एक मोठी अडचण उत्पन्न झाली आहे. स्वराज्याची शक्ति होनांच्या राशींत होती असें मानिलें, तर इ.स. १६८९ मध्यें रायगड पडल्यावर राज्य बुडावयास हवें होतें. तें बुडालें नाहीं. पुढील अठरा वर्षें, रिकाम्या खजिन्यावर, मराठे औरंगजेबाशीं लढले. रोख वेतनाची पद्धति मोडली व सरंजाम द्यावे लागले, ही सोनें गेल्याची खरी किंमत. ती लहान नव्हती, आणि तिचे परिणाम मराठी राज्यास शेवटपर्यंत भोगावे लागले. पण गांवच्या खळ्यावर सुतार, लोहार, चांभार यांस धान्याचें बलुतें मिळत राहिलें, तांडे मीठ व दाणा वाहत राहिले, आणि गडांवरील कोठारें शक्य तेथें भरलीं गेलीं. विनिमयाचा हा खालचा थर होनावर उभा नसल्यामुळें होनाबरोबर कोसळला नाहीं.

त्या अठरा वर्षांचा अनुभव घेतलेला पुरुष म्हणजे रामचंद्रपंत अमात्य. त्याच्या नांवावर असलेल्या आज्ञापत्रांत द्रव्याचें महत्त्व कोठेंहि नाकारलेलें नाहीं. तथापि गडाच्या प्रकरणांत कोठारास उंदीर, किडा, मुंगी, वाळवी, अग्नि यांपासून कसें राखावें याचा बारकाईनें विचार आहे, आणि साहुकारांस राज्यांत मान देऊन वसवावें यावर स्वतंत्र प्रकरण आहे. सभासदाची याद व हें आज्ञापत्र यांत सुमारें वीस वर्षांचें अंतर. पहिला गमावलेल्या संपत्तीची गणना करितो; दुसरा पुन्हां गमवावी लागूं नये म्हणून काय भरावें व कसें राखावें तें सांगतो. दोन्ही ग्रंथ एकाच आपत्तींतून निघाले आहेत, व ते शेजारीं ठेवून वाचिले पाहिजेत.

पुढील कामाविषयीं एक सूचना करून हें परीक्षण आटोपतों. गडांवरील जिनसांच्या झडत्या पेशवेकाळांतील दप्तरांत आढळतात. त्या प्रसिद्ध करतांना संपादक बहुधा जमेचे आंकडे छापतात. त्याबरोबर खर्च, शिल्लक व खराबी यांचीहि कलमें वर्षवार द्यावीं. कोणता जिन्नस किती दिवस राहिला, कोणता कशाच्या बदल्यांत गेला, आणि कोणता सडून फेंकावा लागला, हें त्यांतून कळेल. तें कळेपर्यंत सभासदाच्या यादीची बेरीज करून वैभवाचा आंकडा सांगण्याची घाई आम्हीं तरी करूं नये, हें बरें.